146 पैकी एक अमिनो आम्ल बदललं, की सिकलसेल कसा होतो?

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. लक्ष्य आहे 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटला हा आजार नवा नाही. पण शरीरात नेमकं बिघडतं काय?

प्रोटीन म्हणजे घडी घातलेली माळ

अमिनो आम्लांचे मणी ओवले की प्रोटीनची माळ तयार होते. मण्यांच्या क्रमानुसार तिची घडी पडते आणि घडीनुसार तिचं काम ठरतं. रक्तातून ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा असतात : दोन अल्फा, दोन बीटा. बीटा माळेत 146 मणी. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त सहावा बदलतो. पाण्याशी जुळवून घेणाऱ्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी पाणी टाळणारं व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. असह्य वेदना होतात त्या यामुळेच.

पहिली चाचणी पुरेशी का नाही?

शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण, दोघांचीही पॉझिटिव्ह येते. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या चाचणीत. मणी बदलल्याने प्रोटीनवरचा विद्युतभार बदलतो आणि ते वेगळ्या गतीने सरकतं. लायनस पॉलिंग यांच्या गटाने 1949मध्ये हाच फरक दाखवला होता.

हा तपशील किरकोळ नाही. वाहकाला सहसा त्रास होत नाही. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. दुसरी चाचणी आणि समुपदेशन राहून गेलं, तर निरोगी वाहकावरही ‘आजारी’ असा शिक्का बसू शकतो.

उपचार काय?

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं. त्यात बीटा माळ नसल्याने दोरे कमी होतात. ब्रिटनने नोव्हेंबर 2023मध्ये जनुक-संपादनाच्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला मंजुरी दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे.

म्हणजे आपल्याकडच्या रुग्णासाठी आज खरा आधार गोळ्यांचाच. त्यामुळे किती कोटी लोक तपासले, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. त्यातल्या किती जणांना पक्का रिपोर्ट मिळाला आणि किती रुग्णांना दर महिन्याला गोळ्या मिळतात, हेही विचारायला हवं.