संकर म्हणजे वांझपण नव्हे



गेल्या अंकातील एका वाचकाच्या पत्रात बबून माकडांच्या दोन प्रजातींच्या संकराला खेचराची उपमा दिली आहे. ती मला चुकीची वाटते. खेचर बहुधा वांझ असते; संकरित बबूनला मात्र पुढे पिल्ले होतात.

केनियातील अंबोसेली येथे जीन आणि स्टुअर्ट आल्टमन यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला अभ्यास आजही चालू आहे. तेथे सडपातळ पिवळे बबून आणि गडद, दणकट अनुबिस बबून यांचा संकर होतो. इथिओपियात अवाश नदीकाठी अनुबिसची गाठ रुपेरी केसांच्या हमाद्रियासशी पडते. तेथील संकरित नरांचा रंग आणि आयाळ दोन्ही प्रजातींच्या मधले दिसतात.

अंबोसेलीतल्या बबूनांच्या जनुकांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिसायला अस्सल पिवळ्या वाटणाऱ्या बबूनांतही अनुबिसचा अंश आढळला. निसर्ग त्यातली काही परकी जनुके हळूहळू गाळतो, हेही त्यातून दिसले. म्हणजे संकर खुला आहे, पण त्याला चाळणी आहे.

तेव्हा केवळ रंगरूपावरून ‘शुद्ध’ आणि ‘भेसळ’ असे शिक्के मारू नयेत, ही वाचकांना कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे