सातबारा तोच, बांध सरकला!

बांध कोरणारा शेजारी एका दिवसात शेत बळकावत नाही. दर नांगरटीला वीतभर सरकतो. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते, रान मात्र आखडते. राज्यघटनेचेही असेच होते. घटनादुरुस्ती करायची तर संसदेत मतदान घ्यावे लागते. घटनेचा एक शब्दही न बदलता कारभाराची रीत बदलली, तर त्याचा बोभाटा होत नाही.

बिहारचे उदाहरण घ्या. अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली तर राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. विधिमंडळ भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो संपतो. ही घटनेची मर्यादा. बिहार सरकारने १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम काढले आणि मुदत संपली की तेच पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले. उसाचा पुरवठा आणि खरेदी यांवरचा १९६८ चा वटहुकूम तेरा वर्षांहून अधिक चालला. शेतकऱ्याच्या उसाचे नियम आमदारांच्या मताशिवाय चालत राहिले आणि आमदारांनी ते चालू दिले!

पुण्याच्या गोखले संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी हा प्रकार खणून काढला आणि सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ साली न्यायालयाने ही घटनेशी केलेली लबाडी ठरवली. २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तेच पुन्हा बजावले.

पण निकाल लागला म्हणून बांध आपोआप राखला जात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शेतकऱ्यांच्या संमतीची अट आली. केंद्र सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम काढून अनेक प्रकल्पांना त्या अटीतून सूट दिली. राज्यसभेची मंजुरी मिळेना, तेव्हा एप्रिल आणि मे २०१५ मध्ये तो पुन्हा काढला. देशभर शेतकरी विरोधात उभे राहिले आणि ऑगस्टअखेर तो संपू द्यावा लागला.

मित्रांनो, मोजणीदार रोज शेतावर येत नाही. बांधावर आपल्यालाच फेरी मारावी लागते. प्रत्येक अधिवेशनाआधी आपल्या आमदार-खासदाराला गाठा आणि विचारा : कोणते वटहुकूम सभागृहापुढे येणार? त्यांवर मतदान कधी? तुमचे मत काय? उत्तर गावाच्या सभेत मागा. तेथे गप्प बसणारा प्रतिनिधी सभागृहातही गप्प बसतो, आणि तेवढ्यात बांध आणखी वीतभर सरकतो.