बंबाची राख आणि बाथरूमचा झरोका



सांगलीकडच्या माझ्या माहेरी परसात तांब्याचा बंब होता. आजी पहाटे आधी खालची राख ओढून काढायची, मगच जळण घालायची. तेही करवंटी आपटून, शेणी उलटून, मुंगी-वाळवी नाही ना हे बघून. "राख साठली की बंब गुदमरतो गं," म्हणायची. खरंच होतं ते. जाळीखालून हवा आत शिरते, तापून मधल्या नळीतून वर जाते आणि जाता जाता खालून नवी हवा ओढून घेते. राखेनं जाळी बुजली किंवा काजळीनं नळी दाटली, की जळण नुसतं धुमसतं. डोळ्यांत धूर, पाणी कोमट, आणि जळण मात्र जास्त.

आता साताऱ्यात माझ्याकडे गॅसचा गिझर आहे. राख नाही, धूर नाही, म्हणून हवेचा विचारही नाही. गेल्या थंडीत मी बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावला. गार वारं नको, आणि दिव्यावर किडे येऊन मरायला नकोत. एके सकाळी धाकटी अंघोळीला गेली ती बाहेरच येईना. हाकेला ओ नाही. कडी ढिली होती म्हणून दार उघडलं. पोरगी भिंतीला टेकून बसलेली. मोकळ्या हवेत आणली, दवाखान्यात नेली, वाचली.

डॉक्टरांनी समजावलं. कोंडलेल्या जागेत ज्योतीला प्राणवायू पुरला नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक ओढीनं चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि कडी काढायचंही बळ राहत नाही.

किड्यांचा जीव वाचवायला लावलेला पुठ्ठा माझ्याच लेकीच्या जिवावर उठला होता. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. माझा तो प्रमादच. कोणी म्हणेल, अग्नी पेटवण्यातच हिंसा आहे, मग हवेचं काय घेऊन बसलात? पण गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणून तर ती कमीत कमी करायची. हवा न मिळालेला अग्नी जळण जास्त खातो, काम कमी करतो आणि वर माणसाला मारतो. तेव्हा झरोका मोकळा ठेवणं हासुद्धा यत्नाचारच, असं माझं स्पष्ट मत आहे.

किड्यांसाठी बारीक जाळी बसवा, पण तिच्यावरची धूळ झाडत राहा; तीही राखेसारखीच बुजते. गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या जागी लावून घ्या. ते होईपर्यंत आधी बादली भरा, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या आणि मगच अंघोळीला पाठवा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर त्याच दिवशी कारागीर बोलवा.

पाणी गाळायला आपण विसरत नाही. आज एकदा झरोक्याकडेही बघून या.