साभार परत

दिवाळीला घरात हौसेने आणलेल्या वस्तूंपैकी दोन वस्तू अशा आहेत की, त्या कोणी, कुठे आणि किती महिने आधी केल्या याचा विचार आपण सहसा करीत नाही. एक फटाका आणि दुसरी दिवाळी अंकातली गोष्ट. पहिला क्षणात संपतो, दुसरी फराळाच्या ताटाशेजारी अर्ध्या तासात वाचून होते, आणि दोहोंबद्दलचे आपले मतही तेवढ्यातच ठरते. वाजला तर बरा, नाही तर फुसका!

मी राहते त्या तेरखेड्याचा यातल्या पहिल्या वस्तूशी फार जवळचा संबंध आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव फटाक्यांसाठीच ओळखले जाते. गावाबाहेर एकमेकींपासून अंतर राखून बांधलेल्या खोल्यांत कागदाच्या नळ्या वळणे, दारू भरणे, वाती बसवणे, माल उन्हात वाळवणे ही कामे दिवाळीच्या कितीतरी आधीपासून चालतात. पावसाळ्यात माल सर्दला की केलेली मेहनत वाया. दिवाळी अंकाचेही थोडेफार असेच आहे. संपादकांची पत्रे वैशाख-ज्येष्ठात निघतात, श्रावणापर्यंत मजकूर हाती यावा लागतो आणि भाद्रपदात छापखाना गजबजतो. पुष्कळ नवे लेखक मात्र कथा पाठवतात नवरात्रात, आणि मग दिवाळीत अनुक्रमणिका चाळून स्वतःचे नाव शोधतात!

या सदराला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वरचेवर असतो. "नोकरी, घर, मुलांचे अभ्यास, आल्यागेल्याचे करणे, यातून गोष्टी लिहाव्यात कधी? आणि लिहिल्या तर छापून कशा आणाव्यात?" विचारणाऱ्यांत बँकेतले कारकून आहेत, शाळेतल्या बाई आहेत, निवृत्तीला टेकलेले अधिकारी आहेत. प्रश्न एका वाक्यात येतो खरा, पण ते दोन प्रश्न आहेत. बहुतेकांना पहिला कठीण वाटतो. माझा अनुभव असा की, पहिल्याला उत्तर सापडते. माणसाची खरी परीक्षा पाहतो तो दुसरा.

वेळेचे आधी पाहू. सन 1913 मध्ये मराठीतले दोन कादंबरीकार जन्मले. एक कोकणातले श्री. ना. पेंडसे. मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली, आणि 'गारंबीचा बापू' 1952 साली वाचकांच्या हाती पडला तो या नोकरदार माणसाच्या लेखणीतून. दुसरे आमच्या मराठवाड्यातले बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुळकर्णी. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा जन्म, हैदराबादेत मॅट्रिकपर्यंत शिक्षण, आणि मग निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी. कचेरीचा कारभार उर्दूत, लिहायचे मराठीत, आणि मराठीचे मोठे प्रकाशक राहिले दूर, पुण्या-मुंबईला. तरीही या माणसाने अर्धा डझनाहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय कथा आणि कविता. 'म्हणे लढाई संपली' ही त्यांची कादंबरी 1946 ची. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते, तेव्हाची!

बी. रघुनाथांचे उदाहरण देऊन मी कोणाला स्फुरण चढवू पाहत नाही. 7 सप्टेंबर 1953 रोजी कचेरीत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. वय अवघे 40. नोकरी आणि लेखन ही दोन्ही ओझी एका खांद्यावर वाहण्याची किंमत माणूस कुठे ना कुठे देत असतो, हेही तरुण लेखकाला ठाऊक असावे. सांगायचे ते इतकेच की, ज्यांच्या पुस्तकांवर आम्ही आज वर्गात व्याख्याने देतो, त्यांच्यातल्या पुष्कळांना 'निवांत वेळ' नावाची चीज कधी भेटलीच नव्हती.

बायकांना तर वेळेखेरीज दुसऱ्या गोष्टीचीही तरतूद करावी लागे. शिक्षणक्षेत्रात नोकरी करणाऱ्या बाळूताई खरे यांनी 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह काढला, तो विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. ही विभावरी कोण, याचा शोध त्या काळी महाराष्ट्रभर चालला होता. नाव झाकले होते म्हणून कथा छापता आल्या, आणि नोकरीही टिकली. आज तेवढे झाकावे लागत नाही. तरी 'घरातले सगळे आवरून मग लिहिते' हे वाक्य मी अजूनही बायकांच्याच तोंडून ऐकते. पुरुषांच्या तोंडून क्वचित.

माझे स्वतःचे विचाराल तर पहाटे पाच ते पावणेसहा एवढा वेळ माझा. त्यानंतर डबे, एस.टी., तास, परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. त्या पाऊण तासात कधी एक पान होते, कधी चार ओळी, कधी नुसतीच कालची वाक्ये खोडून होतात. पण वर्षाकाठी तीन कथा त्यातून उभ्या राहतात. आमच्या जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव हेही मराठीचे प्राध्यापक. त्यांची 'लाल चिखल' ही कथा शाळेच्या पाठ्यपुस्तकातून घरोघरी पोचली. टोमॅटोला भाव न मिळालेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. कथेला दूरचा विषय लागत नाही आणि मोठा वेळही लागत नाही, हे आम्हाला आमच्या शेजारच्या तालुक्यानेच शिकवले आहे.

आता दुसरा प्रश्न. कथा झाली, आता छापायची कशी?

पूर्वी कथेबरोबर स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले पाकीट पाठवण्याची रीत होती. नापसंत कथा त्याच पाकिटातून 'साभार परत' अशा चिठ्ठीसह घरी येई. पोस्टमनच्या हातातले जाड पाकीट लांबूनच ओळखू येई. पसंतीचे पत्र पातळ असते! आता कथा संगणकावरून जाते आणि पुष्कळदा तिचे काहीच परत येत नाही, चिठ्ठीसुद्धा नाही. ते मौन नव्या लेखकाला फार लागते. त्या मौनाचा अर्थ 'तुला लिहिता येत नाही' असा तो लावतो. प्रत्यक्षात अर्थ अनेक असू शकतात. अंक भरला असेल, त्याच विषयावरची दुसरी कथा आधी आली असेल, किंवा कथा त्या नियतकालिकाच्या प्रकृतीची नसेल. म्हणून साधे नियम पाळावेत. ज्या अंकाला कथा पाठवायची त्याचे मागचे दोन-तीन अंक आधी वाचावेत. एका वेळी एका कथेसाठी एकच दार ठोठवावे. कोणती कथा कोणत्या तारखेला कुठे गेली याची वही ठेवावी. तीन महिन्यांनी दोन ओळींचे विचारणापत्र पाठवावे, आणि उत्तर नाही आले तर कथा पुन्हा वाचून पुढच्या दाराशी न्यावी. पुढची कथा मात्र त्या आधीच सुरू झालेली असावी.

पण परत येणारी प्रत्येक कथा मुकाट्याने येते असेही नाही. कधी संपादक काही सुचवतात, आणि तिथे खरा पेच पडतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्याच गावात नांदते आहे. घरातले माणूस फटाक्यांच्या कामावर जाते. तिने एक कथा लिहिली. दुपारी कुठेतरी मोठा आवाज होतो. चुलीपुढची बाई उठून दारात येते. शेजारणीही आपापल्या दारात आलेल्या असतात. कोणी कोणाशी बोलत नाही. मग कळते की, रस्त्यावर मालमोटारीचे टायर फुटले. बाया आत जातात, भाकऱ्या पुन्हा थापल्या जातात. संध्याकाळी माणूस घरी येतो, हातपाय धुतो, आणि ती त्याला काही सांगत नाही. कथा एवढीच.

एका ठिकाणाहून तिला उत्तर आले. भाषा चांगली आहे, पण शेवट फिका वाटतो. खराच स्फोट दाखवलात तर दिवाळी अंकात घेता येईल. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. पहिल्यांदाच छापून येण्याची संधी, मोठे नाव असलेला अंक, आणि बदल म्हटला तर दोन पानांचा. सासरी तिच्या लिहिण्याची चेष्टा होत होती, तीही एका झटक्यात थांबली असती. मी तिला म्हटले, "बदल सुचवला म्हणून तो वाईटच असतो असे नाही. संपादकाला कित्येकदा आपल्यापेक्षा जास्त दिसते. बदलाने तुझी गोष्ट जास्त खरी होते की कमी, एवढेच पाहा." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, स्फोट झाला की पेपरात येतंयच की. नाही झाला त्या दिवसाचं कोण लिहिणार?"

त्या वाक्याला माझ्या एम.ए.च्या सगळ्या टिपणांत उत्तर नव्हते. कथा तशीच ठेवून तिने ती दुसरीकडे पाठवली, तिथूनही ती परत आली. आता ती तिसऱ्या दाराशी आहे. छापून येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण ती कथा तिची आहे, आणि तिच्या पुढच्या कथेतली वाक्ये मागच्यापेक्षा ठाम झाली आहेत, हे मी पाहते आहे.

हे वाट पाहणे असह्य झाले की तिसरी एक वाट समोर येते, ती पैशाची. 'आपला संग्रह आम्ही काढू, खर्चात आपला सहभाग असावा,' असे म्हणणारे प्रकाशक आज पुष्कळ आहेत. मलाही एकाने तसे कळवले होते. मागितलेल्या रकमेत माझ्या मुलीच्या वसतिगृहाचे वर्ष निघाले असते. मी नाही म्हटले. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणे यात कमीपणा मुळीच नाही, मात्र तो खर्च आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे आणि तो झेपणारा असावा. पाटल्या मोडून, कर्ज काढून कथासंग्रह काढू नये. प्रती किती, विकणार कोण, उरलेल्या प्रती कोणाच्या, हे आधी लेखी घ्यावे. आणि हक्काच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी करारानेच देता येतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. पुष्कळ लेखक कथेतला स्वल्पविराम दहा वेळा तपासतात, आणि करार मात्र न वाचता सही करून मोकळे होतात!

आता घरच्या मंडळींना दोन शब्द. आपल्या घरात कोणी लिहीत असेल तर त्याला किंवा तिला रोजचा अर्धा तास द्या, आणि त्या अर्ध्या तासात गॅस, वाणी, इस्त्री यांपैकी कशासाठीही हाक मारू नका. कथा परत आली की 'कशाला नसता उद्योग' म्हणू नका, आणि छापून आली की पहिला प्रश्न 'पैसे किती मिळाले?' असा विचारू नका. दुसरा विचारलात तरी चालेल.

आणि वाचकांकडे एक मागणे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक 1909 साली काढला. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मराठी माणूस दिवाळीला अंक घेतो आहे, आणि आज दरवर्षी शेकडो अंक निघतात. इतक्या अंकांना नव्या लेखकांवाचून चालतच नाही, पण आपण अनुक्रमणिका उघडतो ती ओळखीची नावे शोधण्यासाठी. यंदा उलट करून पाहा. कधी न ऐकलेल्या नावाची एक कथा सर्वांत आधी वाचा. आवडली तर संपादकांना दोन ओळी कळवा, आणि त्या ओळीत लेखकाचे नाव जरूर लिहा. पुढच्या वैशाखात कोणाकोणाला पत्रे पाठवायची ही यादी संपादक करायला बसतील, तेव्हा तुमच्या त्या दोन ओळी त्यांच्या टेबलावर असू द्या.