डेटाचा राखणदार कोण?

९ जानेवारी २०२५ रोजी ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली केली. हा साठा फरिदाबादच्या ‘इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर’मध्ये आहे. त्याच वर्षी ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या रडार-निरीक्षणांतून दररोज सुमारे ८० टेराबाइट माहिती तयार होईल, असा नासाचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या प्रकल्पांत माहिती कुठे राहणार, तिची देखभाल कोण करणार, हे आखणीच्या वेळीच ठरते. परंतु देशातील संशोधनाचा फार मोठा भाग राज्य विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील लहान प्रयोगशाळांत होतो. तेथील मोजमापे कुठे राहतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

उत्तर ठाऊक असूनही त्याची वाच्यता होत नाही. ही मोजमापे विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर असतात, टेबलाच्या खणातील हार्ड डिस्कवर असतात किंवा कोणाच्या तरी खासगी खात्यात असतात. पीएच.डी. पूर्ण होते, विद्यार्थी दुसऱ्या गावी किंवा परदेशी जातो. त्याचा प्रबंध ‘शोधगंगा’वर सुरक्षित राहतो, पण प्रबंधातील आलेख ज्या आकड्यांवरून काढले, ते आकडे पाच वर्षांनी मागितले तर मिळतीलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. निष्कर्ष जपायचा आणि पुरावा गमवायचा, अशी ही उलटी रीत आहे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली माहिती सर्वांना वापरता यावी, असे सांगणारे राष्ट्रीय धोरण २०१२ पासून अस्तित्वात आहे. मात्र माहिती वाटून घ्यायची, तर आधी ती टिकलेली असावी लागते.

या अडचणीवर तांत्रिक उपाय नाही, असे मुळीच नाही. एक साधा सर्व्हर, त्यात सात-आठ डिस्क, वर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी ही मुक्तस्रोत प्रणाली, एवढ्यावर एखाद्या विभागाचा सामायिक साठा उभा राहतो. विंडोजच्या संगणकांना तो ‘सांबा’मार्फत दिसतो, लिनक्सच्या संगणकांना ‘एनएफएस’मार्फत. कोणत्या गटाने कोणते फोल्डर वाचायचे, कोणी त्यात लिहायचे, हे एकाच ठिकाणी ठरवता येते. या सॉफ्टवेअरसाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही.

साठ्याच्या तळाशी ‘झेडएफएस’ असेल तर आणखी तीन लाभ होतात. पहिला असा की, आठ डिस्कची दुहेरी संरक्षण देणारी रचना केल्यास त्यांपैकी कोणत्याही दोन एकाच वेळी निकामी झाल्या तरी माहिती शाबूत राहते. त्या बदल्यात सुमारे सहा डिस्कइतकीच जागा वापरायला मिळते. दुसरा लाभ म्हणजे प्रत्येक तुकड्यासोबत त्याची पडताळणी-संख्या नोंदवलेली असते. डिस्कवरील एखादा अंश कालौघात नकळत बदलला, तर वाचताना तो ओळखला जातो आणि उरलेल्या भागांवरून दुरुस्तही होतो. दशकभरापूर्वीचे मोजमाप आजही जसेच्या तसे आहे की नाही, हे विज्ञानात अतिशय महत्त्वाचे असते. तिसरा लाभ ‘स्नॅपशॉट’चा. दर तासाला साठ्याची स्थिती गोठवून ठेवता येते आणि जेवढे बदलले तेवढ्यालाच जास्तीची जागा लागते. एखाद्या लॅपटॉपवरील खंडणीखोर व्हायरसने सामायिक फोल्डर कुलूपबंद केले, तरी तासाभरापूर्वीची स्थिती परत आणता येते.

ही हौशी लोकांची खेळणी आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेने स्वतः घडवलेली ‘ईओएस’ ही साठवण-प्रणाली मुक्तस्रोत आहे. तेथील डिस्क-साठ्याने २०२३ मध्ये एक एक्साबाइटचा, म्हणजे दहा लाख टेराबाइटचा टप्पा ओलांडला. सर्नच्या प्रयोगांची माहिती हाताळणाऱ्या जागतिक जाळ्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर कित्येक वर्षे सहभागी आहेत. म्हणजे असा साठा सांभाळण्याचे कौशल्य देशात आहे. ते लहान संस्थांपर्यंत झिरपलेले नाही.

यावर एक सोपा पर्याय सुचवला जातो: सारे काही एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवावे. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवणुकीची सवलत जुलै २०२२ पासून मागे घेतली आणि प्रत्येक संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा घातली. कंपनीने आपला व्यवसाय पाहिला, त्यात गैर काही नाही. पण ज्या साठ्याच्या अटी दुसरा कोणी बदलू शकतो, त्याच्यावर पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांचा भार टाकणे शहाणपणाचे नाही. क्लाउड ही दूरची एक जास्तीची प्रत ठेवायला योग्य जागा आहे. एकमेव प्रत ठेवायला नव्हे.

तथापि, सॉफ्टवेअर मोफत असले तरी देखभाल मोफत नसते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातील महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे जवळपास ३.४ कोटी फायली पुसल्या गेल्या. हा घाला कोणा चोराचा नव्हता. बॅकअपसाठी चालणाऱ्या स्क्रिप्टमधील चूक त्याला कारणीभूत होती. १४ संशोधनगटांना त्याची झळ बसली आणि त्यांपैकी चार गटांची माहिती कायमची गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहितीची बाहेर दुसरी प्रत नव्हती. याउलट नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली, तेव्हा हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले. तीन घटना, तीन देश. निर्णायक ठरली ती वेगळ्या जागी ठेवलेली, चालू स्थितीतील दुसरी प्रत. एकाच खोक्यातील कितीही डिस्क तिची जागा घेऊ शकत नाहीत.

ती दुसरी प्रत रोज तयार होते की नाही, हे पाहणारा माणूस मात्र आपल्या प्रयोगशाळांत सापडत नाही. अनुदानातून यंत्र घेता येते, सर्व्हर घेता येतो. त्याचा सांभाळ करणाऱ्याचे पद मात्र मिळत नाही. मग कोणी उत्साही विद्यार्थी रात्री जागून सर्व्हर उभारतो. तो असेपर्यंत सारे सुरळीत चालते. तो गेल्यावर पासवर्ड कोणाला ठाऊक नसतो, निकामी डिस्कचा लाल दिवा महिनोन्‌महिने लुकलुकत राहतो, आणि दुसरी डिस्क गेल्यावर धावपळ सुरू होते.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ‘सांबा’ची सुरुवात १९९१ च्या अखेरीस अँड्र्यू ट्रिजेल यांनी कॅनबेऱ्यात पीएच.डी. करत असताना केली. आज सर्नमध्येही वापरली जाणारी ‘सेफ’ ही प्रणाली सेज वाइल यांच्या २००७ मधील कॅलिफोर्नियातील प्रबंधातून आली. दोन्ही विद्यार्थ्यांची निर्मिती. पण ती टिकली, कारण पुढे अनेकांनी तिच्या देखभालीची जबाबदारी उचलली. आपण विद्यार्थ्याच्या हुशारीवर विसंबतो आणि त्या पुढच्या जबाबदारीचा विचार करत नाही.

‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेखाली तीन वर्षांत सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून देशातील संशोधकांना जगभरची नियतकालिके वाचायला मिळत आहेत. तो खर्च योग्यच आहे. मग या संशोधकांचे स्वतःचे पुरावे जपण्याला त्यातील लहानशा अंशाएवढीही तरतूद का नसावी? अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने प्रत्येक अनुदानात साठवणुकीसाठी स्वतंत्र शीर्षक ठेवावे. प्रत्येक विद्यापीठात सर्व विभागांसाठी मिळून निदान एक कायम सर्व्हर-व्यवस्थापक असावा आणि त्याची नोंद तंत्रज्ञ म्हणून सन्मानाने व्हावी. दोन शहरांतील दोन संस्थांनी राष्ट्रीय ज्ञानजालावरून एकमेकींच्या प्रती सांभाळाव्यात; संवेदनशील माहिती कूटबद्ध करूनच पाठवावी. आणि वर्षातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, बॅकअपमधून काही फायली खरोखर परत काढून पाहाव्यात. परत काढून न पाहिलेला बॅकअप ही केवळ समजूत असते.

यांतील एकाही गोष्टीसाठी नव्या शोधाची गरज नाही. गरज आहे ती एका पदाची, एका शीर्षकाची आणि वर्षातील दोन दिवसांची.