एकच रकाना

1906 साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. नकाशावरून खानदेश गेला, बोलण्यातून नाही. 2011च्या जनगणनेत तर 18 लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा ‘खानदेशी’ (मुख्यतः अहिराणी) म्हणून मराठीहून वेगळी मोजली गेली. यातले किती जण स्वतःला मराठी म्हणवत नाहीत? फार थोडे, असे आम्हाला वाटते. नकाशा आणि जनगणना समूहांची ओळख घडवतात, हे राष्ट्रवादाचा अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसनने दाखवले. पण जनगणनेत मातृभाषेचा रकाना एकच. माणूस मात्र घरात अहिराणी, कचेरीत मराठी आणि मतदानाच्या दिवशी (नाकारण्यात अर्थ नाही) जातीचा. या अंकातले लेख त्या रकान्याशीच भांडतात. तुमचे म्हणणे कळवा. अहिराणीत लिहिलेत तरी छापू.