संक्षेप तुमचे, पण फाइल कुणाकडे?

जुन्या पत्रांच्या सुरुवातीला 'सा. न. वि. वि.' एवढेच लिहिलेले असे. वाचणारा मनातल्या मनात 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे पूर्ण वाचून पुढे जाई. हा संक्षेप सगळ्यांच्या डोक्यात होता, म्हणून तो हरवत नसे. आज मोबाइलवर दोन अक्षरे टाइप केली की घराचा अख्खा पत्ता उमटतो. पण तो संक्षेप फक्त त्या फोनला ठाऊक असतो.

गेल्या वर्षी माझा फोन पाण्यात पडला. नव्या फोनमध्ये फोटो आले, नंबर आले. सोसायटीच्या सूचना, पाणीकपातीचा मजकूर, थकबाकीची आठवण असे चार वर्षांत जमवलेले संक्षेप मात्र गेले. "काका, त्याचा बॅकअप घेतला होता का?" दुकानातल्या मुलाने विचारले. त्याचाही बॅकअप घ्यायचा असतो, हे मला कधी सुचलेच नव्हते.

संगणकावर काय सोय आहे?

'इमॅक्स' या मोफत टेक्स्ट एडिटरने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. छोटे रूप लिहायचे, कंट्रोल-एक्स दाबून मग ए, आय, जी दाबायचे आणि पूर्ण मजकूर सांगायचा. संक्षेप तयार! बाहेर पडताना इमॅक्स विचारतो, 'संक्षेप जतन करू का?' होकार दिला की ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात आणि पुढच्या वेळी आपोआप वाचले जातात. ही फाइल उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते, पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर नेता येते.

मोबाइलवर काय करावे?

जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'डिक्शनरी', त्यात 'पर्सनल डिक्शनरी' असते. तिथे भाषा निवडून संक्षेप भरता येतात. इंग्रजीत भरलेला संक्षेप मराठी कीबोर्डवर चालला नाही, तर आधी ही भाषेची निवड तपासा. तिथल्या तीन ठिपक्यांच्या मेनूत 'एक्स्पोर्ट' दिसत असेल, तर आजच फाइल काढून स्वतःला मेल करा. आयफोनवर 'जनरल', 'कीबोर्ड', 'टेक्स्ट रिप्लेसमेंट' अशा वाटेने जा. आयक्लाउड चालू असेल तर हे संक्षेप तुमच्या इतर अॅपल उपकरणांवरही दिसतात. पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे चुकून पुसले, तर दुसरीकडूनही जाते. म्हणून महत्त्वाच्या संक्षेपांची यादी वेगळी लिहून ठेवाच.

एक पथ्य मात्र पाळा. पासवर्ड, आधार क्रमांक, बँक खाते संक्षेपात ठेवू नका. फोन दुसऱ्याच्या हाती गेला, तर दोन अक्षरांत सगळे उघडे पडेल.

माझे म्हणणे एवढेच, की संक्षेप ही आपल्या कष्टाची जमापुंजी आहे. शिक्षक, वकील, डॉक्टर, सोसायटीचे सचिव रोज तीच वाक्ये लिहितात आणि त्यातून ती साठत जाते. ती साध्या, कुठेही उघडणाऱ्या फाइलमध्ये परत मिळणे हा प्रत्येक कीबोर्डवर आपला हक्क असायला हवा. ही सोय मेनूच्या तळाशी लपवून ठेवण्यात कुणाचे हित आहे? नवा कीबोर्ड घेताना रंग आणि इमोजी नंतर पाहा. आधी पाहा, तुमचे शब्द त्यातून बाहेर काढता येतात का.